नवीन टीव्ही घेताय? आधी घरात टेप लावा, मग दुकानात जा

दसरा-दिवाळी आली की नाशिकला कॉलेज रोड, एम. जी. रोडवर टीव्ही बघायला गर्दी होते आणि बरेच जण तिथे उभं राहूनच ठरवतात की कोणता घ्यायचा. मला विचाराल तर टीव्ही घरात ठरवायचा, दुकानातून फक्त आणायचा. सिडकोत आईबाबांसाठी घेतला तेव्हा हे चांगलंच कळलं.

तर पहिलं काम मापाचं. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणून ५५ इंचीचा स्क्रीन रुंदीला साधारण १२२ सेंटीमीटर आणि उंचीला ६८-६९ भरतो, ४३ इंची ९५ बाय ५४. जुने पेपर चिकटवून एवढा कागद कापा, भिंतीवर लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आम्ही ५५ चा कागद लावला तर तो आतल्या खोलीच्या दारावर आला, आणि सोफा भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर, मग वादच मिटला, ४३ घेतला. अंदाज असा की फोर-के टीव्हीला तिरक्या मापाच्या दीडपट अंतर पुरतं, म्हणजे ४३ ला साडेपाच फूट आणि ५५ ला सात.

दुकानात सगळे टीव्ही डेमो मोडवर असतात, ब्राइटनेस फुल, वर चकचकीत फुलांचे नाहीतर समुद्राचे व्हिडिओ, त्यात कुठलाही टीव्ही भारीच दिसतो. तुम्ही पेन ड्राइव्हमध्ये घरच्या लग्नाचा, बारशाचा साधा व्हिडिओ घेऊन जा आणि तो लावायला सांगा, माणसांच्या चेहऱ्याचा रंग नीट दिसतो का ते बघा. मग बाजूला सरकून बघा. घरात कोणी खाली चटईवर बसतं, कोणी दिवाणावर कडेला, आणि काही पॅनलचे, म्हणजे टीव्हीच्या आतल्या पडद्यांचे, रंग कडेने बघितलं की फिके पडतात. आयपीएस पॅनल कडेने चांगला दिसतो, व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त गडद असतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतः उजळतो म्हणून काळा एकदम काळा दिसतो, पण किंमतही तशीच, आणि दिवसभर उजेड असलेल्या हॉलमध्ये चांगला एलईडी किंवा क्यूएलईडी पुरतो.

मागे हात घालून एचडीएमआयचे पोर्ट, म्हणजे सेट-टॉप बॉक्स वगैरे जोडायच्या जागा, मोजा, तीन तरी हवेत. पुढे साउंडबार घ्यायचा असेल तर त्यातला एक एआरसी लिहिलेला बघा, त्यातूनच टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जातो. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या किमतीवरची सूट दाखवत असतील तर नीट विचारा. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, शेवटच्या दोन अक्षरांनीसुद्धा फरक पडतो. वॉल माउंट बॉक्समध्ये आहे की वेगळे पैसे, तेही तिथेच विचारा.

टीव्ही घरी आला की इन्स्टॉलेशनवाला येईपर्यंत बॉक्स उघडू नका, उभाच ठेवा, गादीवर आडवा तर अजिबात नको. आमच्या शेजारच्या काकांनी स्टँड लावायला म्हणून स्क्रीन खाली करून पलंगावर ठेवला, खाली रिमोट होता, कोपऱ्यातून तडा गेला आणि असं फुटलेलं वॉरंटीत बसत नाही. उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, बॉक्सवरचा सिरियल नंबर टीव्हीच्या मागच्या नंबरशी जुळवा. तक्रार करूनही कोणी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता उंची, ही सगळ्यात जास्त चुकते. आमचा जुना टीव्ही शोकेसच्या वर होता आणि आई रोज मान वर करून मालिका बघायची, मग रात्री मानेला बाम. सोफ्यावर बसून डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलने खूण करा, टीव्हीचा मध्य तिथे यायला हवा, जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंच. पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारखी मातीची भिंत असेल तर ड्रिल करण्याआधी सांगा, नाहीतर सरळ टेबलावर ठेवा, पडण्यापेक्षा ते बरं.

चालू करताना विचारतो तेव्हा होम मोड निवडा, स्टोअर नको. वायफाय जोडून अपडेट होऊ द्या. पिक्चर मोड व्हिव्हिड असेल तर सिनेमा किंवा स्टँडर्ड करा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल पण डोळे सरावतात. सिनेमा एखाद्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा. पांढरा, काळा, लाल असे एका रंगाचे फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून ठिपका आहे का बघा, आणि हे इन्स्टॉलेशनवाला घरात असतानाच. ज्या एचडीएमआयला सेट-टॉप बॉक्स आहे त्याचं नाव सेटिंगमध्ये बदलून ठेवा, आईबाबांना तेवढं एक बटन शोधायचं असतं. संवाद ऐकू येत नसतील तर साउंडमध्ये आवाज स्पष्ट करणारा मोड असतो, तो लावा.

मे महिन्यात वळीव येतो तेव्हा आभाळ भरून आलं की, गडगडायला लागण्याआधीच, टीव्हीचा प्लग काढा आणि सेट-टॉप बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर पण काढा, नुसतं रिमोटने बंद करून वीज थांबत नाही.