जीपीयू लावूनही ओसीटीचं चित्र अडखळतंय? या चुका टाळा

प्रकाशाच्या मदतीने डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्पेक्ट्रल-डोमेन ओसीटी तपासणीत कॅमेऱ्यातून नुसता स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबीनुसार विभागणी, येतो. चित्र बनतं ते पुढच्या गणितातून, आणि ते गणित जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड करतं. 2048 पिक्सेलचा लाइन कॅमेरा, पिक्सेलमागे 2 बाइट आणि सेकंदाला 1 लाख ओळी धरल्या, तर सेकंदाला सुमारे 410 एमबी होतात. पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या 16 लेनच्या स्लॉटला हे ओझं किरकोळ. तरीही चित्र अडखळलं की लोक महागडं कार्ड शोधायला लागतात. आधी कोड उघडा.

बहुतेक वेळा ओळ आली की लगेच कार्डावर धाडलेली असते. ओळ जेमतेम 4 केबीची, पण दर कॉपीला आणि दर कर्नलला (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) काही मायक्रोसेकंद नुसते सुरू व्हायलाच जातात. तुमच्या हातात ओळीमागे असतात मोजून 10! कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी टेम्पो करण्यातला प्रकार. हजार ओळींचा गठ्ठा एकदम पाठवा, तोही पिन केलेल्या, म्हणजे जागेवरून न हलणाऱ्या, मेमरीतून. आणि एफएफटीचा, म्हणजे स्पेक्ट्रमवरून खोली काढणाऱ्या गणिताचा, प्लॅन दर फ्रेमला नवा करू नका. सुरुवातीला एकदाच करून ठेवा.

वेळ मोजतानाही फसगत होते. कर्नलला हाक मारली की सीपीयू लगेच पुढे सरकतो, काम संपलेलं नसतं. सिंक्रोनाइझ न करता, म्हणजे कार्डाचं काम संपेपर्यंत न थांबता, घेतलेला आकडा इतका सुंदर येतो, की तिथेच संशय यायला हवा.

माझी अख्खी दुपार एका आरशाने खाल्ली. डोळ्याच्या जागी चाचणीसाठी सपाट आरसा ठेवलेला, आणि स्क्रीनवर रेष 45 अंशांत घाटासारखी उतरतेय. स्टेज तपासलं, स्क्रू आवळले. शेवटी कळलं, की 2048 वास्तव बिंदूंच्या एफएफटीतून 1025 संमिश्र संख्या येतात आणि मी 1024 धरल्या होत्या. दर ओळ एकेक घर सरकत होती.

आरसा तसा कामाचा. रेष धूसर दिसली तर तो पुढेमागे करून बघा. जवळ रेखीव आणि खोलवर रुंद होत गेली, तर तरंगलांबीवरून तरंगसंख्येवर आणणारं इंटरपोलेशन चुकलंय. सगळीकडे सारखीच रुंद असेल, तर डिस्पर्शनची (वेगवेगळ्या तरंगलांब्या काचेतून वेगवेगळ्या वेगाने जाण्याची) भरपाई बघा.

एवढं करूनही संथच चाललं, तर कर्नलमधले स्थिरांक वाचा. 0.5 च्या पुढे एफ लिहायचा राहिला, तर ते गणित सिंगलऐवजी गुपचूप डबलमध्ये (दुप्पट बिटांच्या संख्यांत) होतं, आणि आरटीएक्स 30 मालिकेच्या गेमिंग कार्डांवर डबलचा वेग सिंगलच्या 64 व्या भागाइतकाच असतो. 12 बिटांच्या कॅमेऱ्याला सिंगल भरपूर झालं.