पेनसिल्व्हेनियाच्या सार्वजनिक जंगलात रानटर्कीची पहिली शिकार कशी करावी

मे महिन्यातल्या पहाटे जंगलात टर्कीची मादी बोलताना ऐकू आली, तर ती टर्कीच असेल असं धरून चालू नका. सार्वजनिक जमिनीवर तो आवाज अनेकदा दुसऱ्या शिकाऱ्याने लाकडी डबीतून काढलेला असतो. तुम्ही आवाजाच्या दिशेने सरकता आणि झुडपातली हालचाल पाहून तो बंदूक वळवतो. या हंगामातले अपघात होतात ते असे. म्हणूनच पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीवर दबक्या पावलांनी चालून जायला कायद्याने बंदी आहे. एका जागी बसून नराला आवाज देऊन बोलवायचं, एवढीच पद्धत चालते. नवशिक्याच्या हे पथ्यावरच पडतं. पायपीट आधीच्या आठवड्यांत उरकायची, शिकारीच्या सकाळी फक्त बसायचं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे फिलाडेल्फिया किंवा पिट्सबर्गला राहणाऱ्या मराठी माणसाला हे घरातल्या कोणाकडून शिकायला मिळत नाही. तेव्हा अगदी पहिल्या कागदापासून सुरुवात करू.

आधी परवाना, मग बंदूक

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, शिकार-शिक्षणाचा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो हिवाळ्यातच उरकून घ्या, एप्रिलपर्यंत थांबू नका. नेहमीच्या परवान्यासोबत वसंतातल्या एका टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी, मिळतो. दुसऱ्या टर्कीसाठी वेगळा परवाना लागतो आणि तो हंगाम सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं असतं, म्हणजे एप्रिलमध्ये घेतलेला परवाना तीन महिन्यांतच संपतो.

या तारखेकडे एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांनी नीट लक्ष द्यावं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. परवाना संपला की ती सूटही संपली, मग बंदूक घरातल्या कपाटात असली तरी तुम्ही अडचणीत येता. इथे मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी लागू नाही. क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, ही कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही आणि या हंगामात ती चालते, तोही एक मार्ग आहे.

हंगाम साधारण मेच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ मेपर्यंत चालतो. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून शिकार करता येते. पहिले दोन आठवडे दुपारी १२ला थांबावं लागतं, त्यानंतर संध्याकाळपर्यंत मुभा असते. तारखा, वेळा आणि रविवारचे नियम दरवर्षी गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार-खात्याच्या, पुस्तिकेत पाहून घ्या, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

कागदावर छर्रे मोजा

वसंतात रायफल चालत नाही, छऱ्यांची बंदूक लागते. १२ गेज (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) नेहमीची, पण २० गेज हलकी असते, खांद्याला कमी बसते आणि ३० यार्डांवर पुरेशी पडते. बंदुकीत सगळी मिळून ३पेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. पंप किंवा सेमी-ऑटोमॅटिक असेल, तर नळीखालच्या मॅगझिनमध्ये प्लग, म्हणजे जादा काडतुसं मावू न देणारी दांडी, आहे ना ते तपासा. शिशाचे छर्रे ४ नंबरपेक्षा मोठे चालत नाहीत. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, म्हणून ५ किंवा ६ नंबर घ्या. नळीच्या तोंडाला फुल किंवा टर्कीसाठीचा चोक लावा, म्हणजे तोंड आवळून छर्रे एकवटणारा तुकडा.

टर्कीच्या अंगावर नेम धरायचाच नाही. ८ ते १० किलोच्या नराच्या छातीवर पिसांचा आणि स्नायूंचा जाड थर असतो. त्यात छर्रे अडकतात, पक्षी जखमी होऊन उडतो आणि कुठेतरी झुडपात मरतो. नेम धरायचा मानेवर, पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे. डोकं आणि मान मिळून लक्ष्य जेमतेम मुठीएवढं. म्हणून छर्रे नेमके कुठे आणि किती दाट पडतात हे आधी कागदावर पाहावं लागतं.

मोठ्या कागदावर १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि बंदूक टेकवून बसा. पहिल्या गोळ्या १५ यार्डांवरून, स्वस्तातल्या हलक्या काडतुसांनी झाडा. त्यातून फक्त एवढंच कळतं, की नेम धरला तिथेच मारा पडतो की डाव्या-उजव्या बाजूला. मग खरं टर्कीचं काडतूस घेऊन २५, ३० आणि ४० यार्डांवरून एकेक. जुना निकष असा, की वर्तुळात १०० छर्रे पडतील तेच तुमचं शेवटचं अंतर. ते ४० यार्ड आलं तरी पहिल्या वर्षी ३०च्या पुढे चाप ओढू नका. जंगलात अंतर नेहमी कमी भासतं. १५ यार्डांवर उलटी गंमत होते: मारा संत्र्याएवढा एकवटलेला असतो आणि मान जराशी हलली तरी तो बाजूने निघून जातो. जवळचा पक्षी सोपा, असं समजणारे इथेच फसतात.

मार्च-एप्रिल: चालायचे दिवस

या राज्यात गेम कमिशनच्या स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठीच्या सार्वजनिक जमिनी, जवळजवळ १५ लाख एकर आहेत, तीनशेहून अधिक तुकड्यांत. शिवाय राज्याची वनं आहेत आणि वायव्येला ५ लाख एकरांहून मोठं अॅलेगेनी राष्ट्रीय वन. ही सगळी जमीन पाहायला गेलात तर एकही नीट पाहून होणार नाही. घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावरच्या तीन जागा निवडा. तीनच का, तर पहिल्या जागी पहाटे गाडी उभी दिसली की दुसऱ्या जागी जायचं असतं आणि शनिवारी तिथेही गाडी उभी असते.

नकाशावर ओकच्या झाडीतल्या डोंगरसोंडा, उतारावरचे सपाट पट्टे, जुने लाकूडतोडीचे रस्ते आणि झाडीतली मोकळी गवताळ जागा शोधा. रस्त्याच्या फाटकापासून एक मैल आत गेलात की माणसं बरीच कमी होतात, मध्ये ओहोळ किंवा खडा चढ असेल तर आणखी कमी. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही, ती वर्तुळं नकाशातून वजा करा.

जमिनीवर काय पाहायचं? ओकच्या पाल्यात उकरलेले हात-दीड हात रुंदीचे पट्टे. नराची विष्ठा इंग्रजी जे अक्षरासारखी वाकलेली, मादीची गोगलगाईसारखी गुंडाळलेली. चिखलात पावलाचं मधलं बोट तीन इंचांच्या आसपास असेल तर बहुधा नर. छातीचं पीस सापडलं तर टोक पाहा, नराचं काळं असतं, मादीचं तांबूस. धुळीच्या रस्त्यावर पावलांच्या दोन्ही बाजूंना समांतर रेघा असतील, तर नर पंख जमिनीला घासत तिथे पिसारा फुलवून फिरलाय. अशी जागा नकाशावर खूण करून ठेवावी.

टर्की दिवसभर जमिनीवर असते, पण झोपते झाडावर. तिचा रातथारा सापडला तर निम्मं काम झालं. सूर्यास्ताच्या सुमारास डोंगरधारेवर उभं राहून घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढा. नर दचकून गडगडतो, म्हणजे 'गॉबल' असा त्याचा खास आवाज काढतो, आणि आपली जागा सांगून टाकतो. मादीचा आवाज मात्र हंगामाआधी अजिबात काढू नका. आवाज ऐकून आलेल्या नराला दोनदा तिथे माणूस दिसला, की मेमध्ये तो गप्प बसतो. तुमच्यासाठीही आणि सगळ्यांसाठीही.

या फेऱ्यांत गोचिडी चढतात. पेनसिल्व्हेनियात लाइम रोग भरपूर आहे आणि मेमध्ये बारीक, खसखशीएवढ्या गोचिडी बाहेर असतात. कपड्यांवर आणि बुटांवर परमेथ्रीन हे कीटकनाशक मारून पूर्ण वाळवा, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा.

दोन आवाज पुरे

दुकानात आवाज काढायची वीस प्रकारची साधनं दिसतील. बॉक्स कॉल किंवा पॉट कॉल, यांतलं एक घ्या. बॉक्स कॉल, म्हणजे खडू लावून झाकण घासायची लाकडी डबी, सगळ्यात सोपी. पॉट कॉल ही हातात मावणारी पाटीच्या दगडाची किंवा काचेची चकती. दगड एका दिशेने सँडपेपरने घासून त्याच्या आडव्या दिशेला काडी फिरवायची. काडी पेन्सिलसारखी धरा आणि टोक पृष्ठभागावरून उचलू नका. बोटाचं तेल लागलं की आवाज घसरतो, त्यामुळे घासलेल्या जागी बोट लावायचं नाही.

शिकायचं काय? एक यल्प: वरून खाली उतरणारा स्वर, पाच-सहा एका लयीत. दुसरा क्लक: एकच तुटक ठोका. स्वर थोडा बेसूर झाला तर बिघडत नाही, खऱ्या माद्याही बेसूर असतात. लय चुकली की मात्र नर ओळखतो. नराच्या गडगडण्याची नक्कल सार्वजनिक जमिनीवर कधीच करू नका, ती ऐकून बंदूकधारी माणूस येतो.

शिकारीची सकाळ

मेच्या सुरुवातीला तिथे सूर्योदय सहाच्या सुमारास. पाच वाजता जागेवर बसलेले असा, म्हणजे गाडी सव्वाचारला लावलेली हवी. गाडीत बंदूक भरलेली ठेवायची नाही. अंधारात चालताना टॉर्च लावा आणि भडक नारिंगी टोपी घाला. पक्षी बिथरेल ही भीती सोडा, माणसाला तुम्ही दिसणं महत्त्वाचं. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेही नको, मोज्यांचा आणि आतल्या टीशर्टचासुद्धा, कारण नराचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं.

रातथाऱ्यापासून सुमारे १०० यार्डांवर, त्याच उंचीवर किंवा थोडं वर बसा. नर चढावर सहज येतो. मधे ओहोळ, कुंपण किंवा गच्च झुडपं असतील तर बहुतेकदा पलीकडेच थबकतो. पाठ टेकायचं झाड तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद हवं: त्याने बाह्याकृती मोडते आणि मागून कोणी चुकून झाडलेले छर्रे खोडात अडतात. उजव्या हाताने नेम धरत असाल, तर डावा खांदा नर येण्याच्या दिशेला ठेवा, बंदूक गुडघ्यावर टेकवा. चेहरा आणि हात झाकलेले हवेत. टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर अशी की बोट हललं तरी कळतं.

उजाडू लागलं की तीन-चार हळू यल्प. नराने उत्तर दिलं तर गप्प. तुम्ही कुठे आहात ते त्याला कळलेलं असतं. तो खाली उतरल्यावर पाच-सहा यल्प, मग पंधरा-वीस मिनिटांनी एकदा. नवशिके हमखास चुकतात ते इथे: नराचं प्रत्येक गडगडणं ऐकून पुन्हा पुन्हा बोलवत राहतात. निसर्गात मादी नराकडे जाते, नर मादीकडे नाही. मादी इतकी आतुर आहे तर ती येईलच, असं म्हणून तो ७० यार्डांवर थांबतो. अशा वेळी हाताने पाला दोनदा खरवडा आणि अर्धा तास काहीही करू नका. गप्प झालेला नर बरेचदा चालत येत असतो. उजाडल्यावर लगेच काहीच घडलं नाही म्हणून घरी जाणारे पुष्कळ असतात. नऊनंतर माद्या घरट्याकडे निघून जातात, नर एकटा पडतो आणि तेव्हा बोलावणं जास्त लागू पडतं.

दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, आवाजही देऊ नका टर्कीचा. खणखणीत आवाजात सांगा: मी इथे आहे.

चाप ओढण्याआधी आणि नंतर

पक्ष्याच्या छातीवर केसांच्या झुबक्यासारखी दाढी स्पष्ट दिसली पाहिजे, कायदा तेवढंच पाहतो. डोकं झाडाआड गेलं की बंदूक वळवा. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा थांबा. एक क्लक दिला की तो मान ताठ करतो. मागे काय आहे ते पाहा, मग चाप.

सेफ्टी लावा आणि चालत जा. पंख काही वेळ फडफडतात, पायांच्या नख्यांपासून हात सांभाळा. पक्षी जागेवरून हलवण्याआधीच टॅग भरून पायाला बांधा, आणि दहा दिवसांच्या आत नोंद करा. परत येताना त्याला नारिंगी कापडात गुंडाळा. खांद्यावर उघडी टर्की घेऊन झाडीतून चालणं म्हणजे स्वतःवर नेम धरायला सांगणं.

मेमध्ये ऊन तापतं, त्यामुळे आतडी तासाभरात काढून पोकळीत बर्फाची पिशवी ठेवा. छाती पातळ कापून पटकन भाजा, पण आत ७४ अंश सेल्सिअस होऊ द्या. मांड्या कोंबडीसारख्या पंधरा मिनिटांत होत नाहीत. कुकरमध्ये रस्सा करा आणि पाऊण तास धरा. तंगडीत काडीसारखे कडक स्नायुबंध असतात, शिजल्यावर ते ओढून काढा. घासात छर्रा येऊ शकतो, तेव्हा पाहुण्यांना आधी सांगा. आणि साफ करताना गळ्याखालची दाण्यांची पिशवी फेकून देऊ नका, कापून पाहा. आत ओकची फळं असतील, गवताची पाती असतील किंवा किडे. उरलेल्या हंगामात नकाशावर कुठे पाहायचं ते त्यावरून ठरतं.