मोठा ट्यूबा परवडत नाही म्हणून जुना कापून सी करताय? या चुका टाळा

अमेरिकेत शाळेच्या बँडमध्ये मुलांच्या हाती येणारा ट्यूबा, म्हणजे खर्जाचं मोठं पितळी फुंकवाद्य, बहुतेक वेळा बी-फ्लॅट पट्टीचा असतो आणि तो शाळेचा असतो. पुढे संगीत महाविद्यालयात जायचं ठरलं की शिक्षक सीचा ट्यूबा घ्यायला सांगतात, कारण तिथल्या ऑर्केस्ट्रांमध्ये सीची रीत आहे. त्यात ६/४ आकाराचा, मोठ्या पोटाचा ट्यूबा हवा असेल, तर नामांकित कारखान्याचा नवा २०,००० डॉलरच्या पुढे जातो. तिथल्या मराठी घरांतही हा आकडा ऐकून सगळे गप्प होतात. मग कुणीतरी सुचवतं: जुना मोठा बी-फ्लॅट स्वस्तात मिळतो, तो कापून सी करून घ्या. हे काम होतं, चांगलंही होतं. पण बिघडतं ते बहुधा कापण्याआधीच.

आकार आणि पट्टी एकच समजणं

३/४, ४/४, ५/४, ६/४ हे आकडे बेल (वाद्याचं रुंद तोंड) आणि पोटाचा (जाड वळणांचा) घेर सांगतात, तेही ढोबळ. एका कारखान्याचा ५/४ दुसऱ्याच्या ६/४ शेजारी ठेवला तर फरक कळत नाही. पट्टी ठरते नळीच्या लांबीवर. बी-फ्लॅटची नळी सुमारे १८ फूट, म्हणजे ५४९ सेंमी. सीची १६ फूट, म्हणजे ४८८ सेंमी. भरदार, रुंद आवाज पोटातून येतो, सी असण्यातून नाही. जर्मनी आणि रशियातल्या ऑर्केस्ट्रांत बी-फ्लॅट सर्रास वाजतो. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला मोठा आवाज हवा आहे की सीची बोटं, म्हणजे सीच्या पट्टीत बोटं टाकण्याची पद्धत? मोठा आवाजच हवा असेल, तर चांगला मोठा बी-फ्लॅट तसाच वाजवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि आमच्या मते निम्म्याहून जास्त लोकांसाठी तोच बरोबर आहे. खालचा एफ बी-फ्लॅटवर एकट्या चौथ्या व्हॉल्व्हने (दाबल्यावर जादा नळी जोडून सूर उतरवणाऱ्या कळीने) नीट लागतो. सीवर तोच एफ १+४ ने (पहिला आणि चौथा एकत्र दाबून) काढला तर हिशेबाने ४८ सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर) चढा येतो, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. त्यासाठी सीवर पाचवा व्हॉल्व्ह लागतो आणि तो खर्च कापण्याच्या खर्चावर वेगळा बसतो.

जुने अमेरिकी बी-फ्लॅट कापण्याच्या या वेडामागे एक नाव नेहमी असतं. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने १९३०च्या दशकात बनवलेले दोन मोठे ट्यूबा पुढे शिकागो सिम्फनीचे ट्यूबावादक अर्नोल्ड जेकब्ज यांच्याकडे आले. जेकब्ज १९४४ ते १९८८ त्या ऑर्केस्ट्रात होते. त्यांच्या आवाजाने पिढ्या घडल्या आणि आजचे बरेच महागडे ६/४ ट्यूबा त्याच दोन यॉर्कच्या नकला आहेत. पण ते ट्यूबा मुळातच सीचे होते, कापलेले नव्हते. यॉर्कसारखं पोट असलेला बी-फ्लॅट कापला की यॉर्क मिळाला, असं होत नाही.

ट्यूनिंग स्लाइड कापली की काम झालं, हा गैरसमज

मुख्य ट्यूनिंग स्लाइडचा, म्हणजे सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायच्या दोन पायांच्या वाकड्या नळीचा, प्रत्येक पाय २.५ सेंमी कापला तर एकूण नळी ५ सेंमीने घटते आणि बी-फ्लॅट ट्यूबा जेमतेम १६ सेंट चढतो. सीपर्यंत जायला २०० सेंट हवेत, म्हणजे साधारण ६० सेंमी नळी जायला हवी. तेवढी लांबी त्या स्लाइडमध्ये मुळात नसतेच.

शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हची नळीही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी, कमी करावी लागते. वरच्या लांबीवरून आकडे असे येतात: पहिला व्हॉल्व्ह ६७ सेंमीवरून ६०, दुसरा ३२.५ वरून २९, तिसरा १०४ वरून ९२.५, चौथा १८४ वरून १६४. स्लाइडला दोन पाय असल्याने प्रत्येक पायातून याच्या निम्मं जातं: पहिल्यात साडेतीन सेंमीच्या किंचित वर, दुसऱ्यात पावणेदोन, तिसऱ्यात साडेपाच ते पावणेसहा, चौथ्यात दहा. दुसऱ्या व्हॉल्व्हचे पाय मुळातच आखूड असतात. पावणेदोन सेंमी कापल्यावर ओढायला काही उरत नाही, म्हणून ती स्लाइड बहुधा नवीनच करावी लागते. हिशेबात तिचे पैसे कोणी धरत नाही.

हे आकडे दिशा दाखवण्यापुरते धरा. प्रत्यक्ष ट्यूबा मोजा, तोही नळीच्या मध्यरेषेवरून. वळणाच्या बाहेरच्या कडेने टेप लावली तर आकडा जास्त भरतो आणि त्या हिशेबाने कापलेली स्लाइड आखूड होते. पहिल्या कापात प्रत्येक पाय ३ ते ४ मिलिमीटर लांब ठेवा, वाजवून बघा, मग उरलेलं काढा. सीच्या ट्यूबावर पायाचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ७ सेंट, एवढं लक्षात असलं की मधेमधे गणित करत बसावं लागत नाही.

६० सेंमी चुकीच्या जागेवरून काढणं

सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती परत फिरवता येत नाही. ट्यूबाची नळी बहुतेक ठिकाणी शंकूसारखी रुंदावत जाते. सरळ, एकाच व्यासाची नळी असते ती व्हॉल्व्हच्या संचात, ट्यूनिंग स्लाइडमध्ये आणि त्यांना जोडणाऱ्या तुकड्यांत. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथून पूर्ण ६० सेंमी निघत नाहीत. मग दोन रस्ते राहतात: माउथपीसपासून (ओठ लावून फुंकायच्या तुकड्यापासून) व्हॉल्व्हपर्यंतची नळी नवीन, आखूड करायची, किंवा शंकूच्या बारीक टोकाकडून काही भाग काढायचा.

शंकूतला भाग नुसता कापून दोन टोकं जोडली तर व्यास जुळत नाहीत. समजा ३० सेंमीत नळी १९ मिलिमीटरवरून २२ वर जाते. तो तुकडा गेला की सांध्याच्या आत दीड-दीड मिलिमीटरची पायरी उरते. त्या पायरीपाशी काही स्वर घसरतात, काही कोंडल्यासारखे होतात, आणि कोणते ते आधी सांगता येत नाही. जाणकार कारागीर तिथे नव्याने वळवलेला निमुळता तुकडा बसवतो किंवा अरुंद बाजू मँड्रेलवर (आत घालायच्या निमुळत्या दांड्यावर) फुगवून घेतो. कारागीर या पायरीबद्दल बोललाच नाही, तर काम दुसरीकडे द्या. आणि बेलच्या बाजूने लांबी काढायचं कुणी सुचवलं, तर तिथूनच मागे फिरा. रुंद टोक हललं की सगळ्या स्वरांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं.

कापण्याआधी ट्यूबा तपासला नाही

बेसुरा बी-फ्लॅट कापल्यावर बेसुरा सी होतो. १५ मिनिटं वाजवून ट्यूबा गरम करा. मधला बी-फ्लॅट ट्यूनरवर शून्यावर आणा आणि मुख्य स्लाइड तिथेच राहू द्या. मग व्हॉल्व्ह न दाबता ओठांनी मिळणारे नैसर्गिक स्वर एकेक वाजवा. वाजवणाऱ्याने ट्यूनर पाहू नये, ओठ आपोआप सूर सावरतात; आकडे दुसऱ्याने लिहावेत. पाचवा नैसर्गिक स्वर, म्हणजे बी-फ्लॅटवरचा डी, निसर्गतःच १४ सेंट उतरलेला असतो, त्याला दोष देऊ नका. तो ३० सेंटहून जास्त उतरलेला असेल, किंवा दुसरा आणि चौथा स्वर आपसात २० सेंटच्या वर लांब असतील, तर तो ट्यूबा सोडून द्या.

व्हॉल्व्हसाठी एक सोपी चाचणी आहे. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ३-४ सेंमी बाहेर ओढा, पाच सेकंद थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉक’ असा ठसठशीत आवाज आला तर पिस्टन (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दट्ट्या) हवाबंद आहे. काहीच ऐकू आलं नाही, तर हवा गळते आहे आणि पिस्टनला नवा मुलामा देऊन केसिंग (त्याच्या बाहेरचं नळकांडं) घासून बसवण्याचा खर्च समोर आहे. कॉन २०जेसारखे तीन व्हॉल्व्हचे जुने मोठे ट्यूबा स्वस्त असतात ते तीनच व्हॉल्व्ह असल्याने. त्यात नवा चार किंवा पाच व्हॉल्व्हचा सीचा संच घालायचाच असेल, तर जुन्या संचाची अवस्था बघायची गरजच नाही. कापून सी करणं खरोखर परवडतं ते याच परिस्थितीत: पोट उत्तम, व्हॉल्व्ह मेलेले, आणि किंमत भंगाराच्या जवळपास.

पितळावर गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मधोमध काळा बिंदू दिसला, तर तिथलं जस्त आतून निघून गेलं आहे. माउथपीसजवळच्या नळीवर हे असेल तर नळी बदलता येते. मोठ्या वळणांवर पसरलं असेल तर सोल्डरची आच लागताच तिथे भोक पडू शकतं.

जुन्या वाद्यांत आणखी एक सापळा आहे, तो आपल्याकडेही लागू होतो. ब्रिटिश ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत चढ्या सुरावर, ए सुमारे ४५२ हर्ट्झला, वाजत. त्या काळातला ब्रिटिश बनावटीचा बी-फ्लॅट बास (ब्रास बँडमध्ये ट्यूबाला बास म्हणतात) एखाद्या जुन्या बँडच्या कोठारात सापडला, तर तो आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ ५० सेंट चढा असू शकतो. त्यातून ६० सेंमी काढले तर सी आणि डी-फ्लॅटच्या मधोमध कुठेतरी पोचाल. शिवाय अशा बऱ्याच बासमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी शोधलेली भरपाईची रचना असते: चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा जाते आणि जादा छोट्या नळ्या सूर सावरतात. ते कापायचं तर प्रत्येक छोटी नळीही नव्याने मापायची. अशा बासला हात लावू नका, तो आहे तसा सांभाळा.

हिशेब

कागदावर सहा ओळी लिहा: जुन्या ट्यूबाची किंमत, तो आणण्याचं भाडं, व्हॉल्व्हचा संच, नव्या नळ्या आणि स्लाइड, मजुरी, पॉलिश किंवा लॅकर. शेवटची ओळ लोक विसरतात. सोल्डरच्या आचेने जुनं लॅकर जळतं आणि ट्यूबा ठिगळं लावल्यासारखा दिसतो. दिसण्याशी देणंघेणं नसेल तर ती ओळ खोडा, आवाजाचं काही बिघडत नाही. बेरजेशेजारी तीन भाव लिहा: वापरलेला कारखान्याचा ४/४ सी, उदाहरणार्थ मिराफोन १८६, चीनमध्ये बनलेला नवा ६/४, आणि मोठा बी-फ्लॅट आहे तसा. बेरीज दुसऱ्या आकड्याच्या पुढे गेली, तर कापण्यात अर्थ उरत नाही. पुन्हा विकताना कापलेल्या ट्यूबाला गिऱ्हाईक बिचकतं आणि लावलेले पैसे क्वचितच परत येतात.

जोडताना

सगळे तुकडे आधी कोरडे बसवून, सांध्यांवर टेप गुंडाळून वाजवून बघा. इथे जो स्वर वाईट निघेल तो सोल्डरनंतर सुधारणार नाही. ब्रेस (नळ्या एकमेकींना धरून ठेवणारे आधार) बसवताना नळी ओढून किंवा दाबून जुळवायची नाही. हात काढल्यावर ती जागच्या जागी राहिली पाहिजे. ताणात सोल्डर केलेला सांधा काही महिन्यांत उकलतो, तोवर ट्यूबा मरगळल्यासारखा बोलतो.

ए ४४० वर मुख्य स्लाइड दोन-तीन सेंमी बाहेर असेल एवढी जागा ठेवा. तापमान एक अंशाने वाढलं की वाद्य सुमारे ३ सेंट चढतं. वातानुकूलित वर्कशॉपमध्ये स्लाइड पूर्ण आत ठेवून बरोबर जुळवलेला ट्यूबा मुंबईच्या मे महिन्यात १० अंश जास्त उष्णतेत ३० सेंटपर्यंत चढू शकतो. ते उतरवायला प्रत्येक पाय ४ सेंमीच्या वर ओढावा लागतो, म्हणून स्लाइडचे पाय तेवढे लांब हवेत.

काम झाल्यावरचे बिघाड

पहिला व्हॉल्व्ह लागणारे सगळे स्वर सारखेच चढे असतील, तर ती स्लाइड आखूड झाली आहे. ओढून भागलं तर ठीक, नाहीतर पाय लांब करून घ्या. फक्त १+२ आणि २+३ चढे असतील, तर तो व्हॉल्व्हच्या जोड्यांचा नेहमीचा दोष आहे, कापण्याचा नाही. पाचवा नैसर्गिक स्वर, सीवर ई, फार उतरत असेल तर १+२ ने वाजवा.

एखादा व्हॉल्व्ह दाबला की आवाज गुदमरत असेल, तर पिस्टनची भोकं नळ्यांसमोर येत नाहीत. स्लाइड काढून छोट्या टॉर्चने आत बघा, फेल्टच्या गाद्या दबल्या असतील तर जाड घाला. व्हॉल्व्ह रोटरी, म्हणजे फिरणारा, असेल तर मागचं झाकण काढून खुणा जुळतात का ते पाहा आणि रबर बदला.

एकच स्वर डळमळत असेल आणि शेजारचे नीट असतील, तर लगेच कापाला दोष देऊ नका. आधी पाणी काढायच्या चावीचं बूच बोटाने घट्ट दाबून तोच स्वर वाजवा. अनेकदा तो तिथेच सुधारतो आणि काम एका नव्या बुचावर भागतं. नाही सुधारला तर मुख्य स्लाइडची नळी बुचाने बंद करा, फुंकत राहा आणि दुसऱ्या माणसाला सांध्यांवर साबणाचं पाणी लावायला सांगा. बुडबुडा येईल तिथे सोल्डर अपुरं आहे.