खाटेवरच्या पेशंटचं वजन: नव्याने वॉर्डात येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात आयसीयूच्या ड्युटीला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगते: केसपेपरवर वजनाचा आकडा दिसला की विचारा, हा काट्यावरचा आहे की तोंडी? बहुतेक वेळा तोंडीच असतो. रात्री कागल किंवा गारगोटीकडून पेशंट येतो, शुद्धीवर नसतो, आणि बरोबरचा मुलगा म्हणतो, "साठ-पासष्ट असतील की, सिस्टर." त्याला दोष देऊ नका. पण तोच आकडा मोजल्यासारखा लिहिला गेला, की पुढची सगळी औषधं त्यावर चालतात.

अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवायला अल्टेप्लेज देतात, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम. आपण ७५ किलो धरलं तर तेच साडेसदुसष्ट होतं. जास्त गेलं तर मेंदूत रक्तस्रावाची भीती, कमी पडलं तर गुठळी तशीच. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोसही किलोवरच ठरतो.

खाटेतच काटा असेल तर तो समजून घेणं आपल्या भागातल्या माणसाला जड नाही. कारखान्यावर उसाची भरलेली गाडी काट्यावर जाते, मग रिकामी. फरक तो ऊस. इथे क्रम उलटा. आधी गादी, चादर, ड्रॉशीट (पेशंटच्या कमरेखालची आडवी चादर), उशी असं सगळं घालून रिकामी खाट शून्यावर आणायची, मग पेशंट घ्यायचा. खाटेवर काय काय होतं ते चार्टवर लिहून ठेवा. दुपारी कुणी दुसरी उशी आणि जाड ब्लँकेट दिलं की रात्रीच्या सिस्टरला पेशंटचं वजन वाढलेलं दिसतं. शून्य न करताच पेशंट झोपवला असेल, तर मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, बोलवा, सगळे मिळून त्याला शेजारच्या खाटेवर सरकवा आणि पहिल्यापासून करा. कंटाळा येतो, पण दुसरा मार्ग नाही.

आकडा बघण्याआधी खाटेभोवती एक फेरी मारा. खाट भिंतीला किंवा लॉकरला टेकलेली नको. युरोबॅग रिकामी करून घ्या. ती खाटेला अडकवलेली असेल तर तिच्यातली लघवीही वजनात धरली जाते. नातेवाइकांचा हात कठड्यावर नको. व्हेंटिलेटरच्या नळ्या छातीवर पडल्या असतील तर त्या एकाने हलक्या हाताने उचलून धरायच्या. ट्रॅक्शनची, म्हणजे मोडलेलं हाड ताणून धरायला लावलेली, वजनं खाटेलाच लटकत असतील तर तीही मोजली जातात. ती आपल्या मनाने काढायची नाहीत, तेवढी वजा करून लिहायचं.

खाटेत काटा नसेल तर पेशंटला झोळीत वर उचलून मोजणारा काटा असतो. त्या झोळीच्या काट्याने घेताना नजर टाचांवर ठेवा. पेशंट वर उचलला गेलाय असं वाटतं, पण टाचा गादीला टेकलेल्या असतात आणि वजन कमी भरतं. झोळी हलायची थांबू द्या, तिला हात लावू नका, आणि झोळीचं स्वतःचं वजन वजा झालंय का बघा. मणक्याला मार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळी नाहीच. आणि उचलण्याआधी पेशंटला सांगा, "आबा, वजन घेतोय, वर उचलतोय, भिऊ नका." बेशुद्ध असला तरी सांगा. अंगावरची चादर सरकू देऊ नका.

दोन्हीपैकी काहीच नसेल तर टेप काढा. मोठ्या माणसाच्या दंडाचा मध्यावरचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, चौपट करा, त्यातून ५० वजा करा. २८ सेंटिमीटर म्हणजे साधारण ६२ किलो. दंडाला सूज असेल तर हे फसतं. हा अंदाजच, म्हणून आकड्यापुढे 'अंदाजे' लिहायचंच. व्हेंटिलेटरवर श्वासाचं माप मात्र उंचीवरून ठरतं, म्हणून उंचीही टेपने घ्या, विचारून नको.

रोजचं वजन एकाच वेळी, शक्यतो सकाळी फीड देण्याआधी, त्याच खाटेवर, डोक्याकडची बाजू तेवढ्याच उंचीवर ठेवून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटचं वजन दोन दिवसांत दोन किलोंनी वाढलं, तर ती वाढ पाण्याची धरून इनपुट-आउटपुटचा (अंगात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं याचा) चार्ट उघडा. हिशेब जुळत नसेल तर पुन्हा वजन घ्या. तरीही तेच आलं, तर राऊंडची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.