हरीण सोलायची सुरी: मूठ आधी बघा, पातं नंतर

जतकडे माझ्या चुलत्यांचं मटणाचं दुकान होतं. बोकड टांगला की अण्णा सुरी वापरायचे ती फक्त पायांपाशी आणि पोटावर चीर द्यायला. पुढचं कातडं मुठीने रेटत सोडवायचे. सुरी ट्रकच्या कमानीच्या पाट्याची, लोहाराने करून दिलेली, पातं जेमतेम चार बोटं. लहानपणी हे शंभरदा बघूनही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला निघाले तेव्हा मी घेतली सात इंची, पाठीवर करवतीचे दात असलेली सुरी. दुकानदार म्हणाला, अस्वलालाही चालेल. अस्वल काही भेटलं नाही. हरणाच्या पोटात मात्र ते लांब टोक कुठवर पोचलंय ते कळेना, आणि वजडी फुटली. तो वास दोन दिवस नाकातून गेला नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला, तेव्हा हे सगळं इकडे परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी. इथला बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवसांचा. म्हणजे बाहेर बहुधा शून्याखाली, बोटं बधिर, आणि हरणाच्या पोटात हात घातला की गरम रक्त आणि चरबी. सुरी निवडायची ती या हातासाठी.

म्हणून आधी मूठ. दुकानात रबरी हातमोजा घालून बघा. घरी आणल्यावर मोज्याला भांड्यांचा साबण चोळा आणि जुन्या पुठ्ठ्यात सुरी खुपसा. हात पात्याकडे सरकला तर ती सुरी परत करा. गुळगुळीत लाकूड किंवा शिंगाची मूठ फोटोत छान दिसते. मला खरबरीत रबराची लागते, आणि रंग भगवा. पाचोळ्यात खाली ठेवलेली तपकिरी मूठ अंधार पडल्यावर शोधून बघा एकदा, मग पटेल.

पातं साडेतीन इंच, फार तर चार. माझी खूण साधी आहे: तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवली की तिचा शेंडा टोकाच्या जवळ यावा. बरगड्यांच्या आत छाती आणि पोटामधला पडदा कापताना डोळ्यांना काही दिसत नसतं, बोटच बघतं. टोकाचा आकारही महत्त्वाचा. ज्याची पाठ टोकाकडे हळूहळू खाली उतरते ते ड्रॉप पॉइंट पातं घ्या; बॉब लव्हलेस या अमेरिकन कारागिराने शिकारीच्या सुऱ्यांत ते लोकप्रिय केलं. अणकुचीदार, वर उचललेलं टोक पोट उघडताना हमखास आत रुततं. पोट उघडताना धार वरच्या बाजूला, पातं दोन बोटांच्या बेचक्यात, आणि कातडं आतून बाहेर कापत न्यायचं. बाहेरून कापलं तर केस मांसाला चिकटतात, शिवाय धारही जाते. पाठीवर हुकासारखा आकडा असलेल्या सुऱ्या याच कामासाठी विकतात. मला त्या आवडत नाहीत, आकड्यात केस अडकतात आणि त्याला धार लावणं म्हणजे डोकेदुखी.

घडीची सुरी खिशात बरी, पण तिच्या सांध्यात चरबी जाऊन बसते. ती दातकोरणीने काढत बसायची हौस असेल तरच घ्या. एकसंध सुरी घ्या, पोलादाची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असेल तर उत्तमच.

पोलादावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्यापुरतं एवढंच: 420एचसी या स्टेनलेस पोलादाला धार पटकन लागते आणि गंज सहसा धरत नाही. डी2 पोलादाची धार जास्त टिकते, पण गेली की दगडावर घाम काढते. साधं कार्बन पोलाद अण्णांच्या सुरीसारखं, झकास धार, पण ओलं ठेवलं की सकाळी तांबेरलेलं. नवख्याने स्वीडनची स्वस्त मोरा घ्यावी, स्टेनलेस पात्याची. एका हंगामात आपल्याला काय हवं ते कळतं, मग महागाच्या मागे लागा. बदलत्या ब्लेडच्या सुऱ्या कातडं सोलायला लोण्यासारख्या चालतात, पण हरणाच्या सांध्यात पीळ दिला की ब्लेड मोडतं, आणि तो तुकडा मांसात शोधावा लागतो.

धार दर बाजूला साधारण वीस अंशांची ठेवा. सोबत छोटा दगड असू द्या, कारण अर्ध्यात धार बसली की माणूस जोर लावतो आणि जोर लावला की हात कापतो. सोलताना मात्र अण्णांचीच पद्धत: हरीण ऊबदार असेपर्यंत कातडं ओढायचं, हाताची मूठ रेटायची, जिथे अडतं तिथेच सुरी टेकवायची.

चामड्याचं म्यान टाळा. ते रक्त पितं आणि धुता येत नाही. प्लास्टिकचं घ्या, तळाशी भोक असलेलं.

आणखी एक. विस्कॉन्सिनच्या हरणांत 2002 पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग आढळतो. त्याची सदोष प्रथिनं मेंदू आणि मज्जारज्जूत जास्त असतात, शिजवूनही नष्ट होत नाहीत. म्हणून हातमोजे हवेतच, आणि या सुरीने पाठीचा कणा कापायचा नाही. मुंडकं वेगळं करायला मी जुनी करवत ठेवलीय, ती दुसऱ्या कशालाच लागत नाही. या रोगाच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, पिशवीवर तारीख लिहून.