स्पेक्ट्रमवरील सुडोकू: बाणांच्या कळा टाळा

झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ च्या संगणकासाठी सुडोकू सोडवणारा प्रोग्राम बेसिक या संगणक-भाषेत लिहीत असाल, तर घरांमधून फिरण्यासाठी बाणांच्या कळा ठेवू नका. या यंत्रावर बाण ५ ते ८ या अंकांच्याच कळांवर, कॅप्स शिफ्टच्या जोडीने येतात. त्यामुळे शिफ्टवरचे बोट जरा निसटले की कर्सर सरकण्याऐवजी कोड्यात नको तो अंक उमटतो. ठाण्यात, आमच्या नौपाड्याच्या घरी, वर्तमानपत्रातले कोडे भरताना भाचीचा ७ असाच दोनदा चुकीच्या घरात बसला आणि ती अगदी हिरमुसली. तेव्हापासून मी फिरण्यासाठी क्यू, ए, ओ, पी आणि पुसण्यासाठी ० ठेवले आहे.

पडद्यावर ३२ स्तंभ आणि २४ ओळी असतात. प्रत्येक घराला २ बाय २ अक्षरांची जागा दिली, तर जाळे १८ ओळींत मावते. निवडलेले घर दाखवताना अंक पुन्हा छापण्याऐवजी फक्त रंग बदलावा: ओळ व स्तंभ शून्यापासून मोजून २२५२८ + ३२ × ओळ + स्तंभ या स्मृतीतल्या पत्त्यावर, घराच्या चारही अक्षरांसाठी, ४८ पोक केले (म्हणजे ही संख्या थेट स्मृतीत लिहिली) की पिवळ्यावर काळा अंक दिसतो. शोध चालू असताना मात्र प्रत्येक प्रयत्न पडद्यावर छापू नये, कारण त्यानेच उत्तर रेंगाळते.