सेलमध्ये पट्टे दिसतायत? आधी पॉलिमरचा थर तपासा

दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टल भरलेला सेल क्रॉस केलेल्या (एकमेकांना काटकोनात लावलेल्या) पोलरायझरमध्ये काळाभोर दिसायला हवा, तिथे धुरकट पट्टे दिसले की पहिला संशय लिक्विड क्रिस्टलवर जातो. नवं मिश्रण भरून पाहिलं तरी पट्टे तसेच. रेणूंनी कोणत्या दिशेला आणि किती कलून बसायचं हे ठरवतो तो काचेवरचा जेमतेम ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचा पॉलिमरचा थर. तपास तिथूनच सुरू करावा.

सर्वात स्वस्त चाचणी उष्णतेची. सेल क्लिअरिंग पॉइंटच्या, म्हणजे लिक्विड क्रिस्टल साधा द्रव होतं त्या तापमानाच्या, वर तापवा (५सीबी या लिक्विड क्रिस्टलसाठी हा बिंदू सुमारे ३५ अंश सेल्सिअस, ई७ या मिश्रणासाठी ६०च्या आसपास) आणि सावकाश थंड करा. पट्टे गेले, तर ते भरतानाच्या प्रवाहामुळे आले होते. पुढच्या वेळी गरम, आयसोट्रॉपिक (साध्या द्रवाच्या) अवस्थेतच भरा. त्याच जागी परत उमटले, तर दोष बहुतेक पृष्ठभागाचा.

मग लोक काय करतात? रबिंगचा, म्हणजे थर कापडाने एका दिशेने घासण्याचा, जोर वाढवतात. या चुकीमागे एक जुनी समजूत आहे: कापडाने पॉलिमरवर चर पडतात आणि रेणू त्या चरांत बसतात. बेरेमन यांनी १९७२मध्ये चरांचा परिणाम गणिताने मांडला होता, आणि तो खोटा नाही. पण पॉलिइमाइडवर (या थरासाठी नेहमी वापरला जाणारा पॉलिमर) मुख्य काम चरांचं नसतं. पॉलिस्टायरीन घासून पाहा. चर घासण्याच्याच दिशेने जातात, लिक्विड क्रिस्टल मात्र त्या दिशेला काटकोनात बसतं, कारण तिथे साखळीला बाजूने लटकलेले फिनाइल गट दिशा ठरवतात. पॉलिइमाइडमध्ये घासण्याने पृष्ठभागाजवळच्या साखळ्याच ताणल्या जाऊन एका दिशेला वळतात आणि रेणू त्यांना समांतर राहतात. साखळ्या पुरेशा वळल्यावर आणखी जोर लावून हाती येतात ते ओरखडे, कापडाचे तंतू आणि स्थिर विद्युत. टीएफटी (पिक्सेल चालवणारे ट्रान्झिस्टर) असलेल्या काचेवर ही वीज फार महागात पडते.

सेल फिरवून बघण्याची सवय लावा. चांगला प्लेनर (रेणू काचेला समांतर असलेला) सेल दर ९० अंशांनी काळा होतो आणि मधल्या ४५ अंशांवर उजळतो. कुठेच काळा होत नसेल, तर थराला एक दिशाच मिळालेली नाही. कसाही फिरवला तरी काळाच राहत असेल, तर बहुधा उभ्या अलाइनमेंटचं पॉलिइमाइड चुकून वापरलं गेलंय. त्याच्या साखळीला बाजूने लांब अल्किल गट असतात आणि ते रेणूंना काचेवर उभं करतात. बाटलीचं लेबल वाचायला हवं होतं, एवढंच.

टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक, म्हणजे दोन काचांमध्ये रेणूंची दिशा पिळलेल्या) सेलमध्ये दोन दोष हमखास एकच समजले जातात. व्होल्टेज नसतानाही ठिगळं दिसत असतील, तर काही भागांत पीळ उलटा पडलाय. त्यावर उपाय म्हणजे योग्य हाताचा थोडा कायरल डोपंट (पिळाची बाजू ठरवणारा मिसळायचा पदार्थ). ठिगळं व्होल्टेज दिल्यावरच उगवत असतील, तर प्रीटिल्ट, म्हणजे व्होल्टेजआधीचा रेणूंचा काचेपासूनचा कल, कमी आहे. साधारण २ ते ५ अंशांचा कल मिळाला की सगळे रेणू एकाच बाजूने उठतात. हा कल बाजूच्या साखळ्यांची लांबी आणि प्रमाण, थराची भाजणी व रबिंग यांवर ठरतो. डोपंट वाढवून तो सुधारत नाही.

भाजणीआधीचीही एक चूक सांगतो. पॉलिअमिक आम्लाची (भाजल्यावर याचंच पॉलिइमाइड होतं) बाटली फ्रीजरमधून काढून लगेच उघडली, की आत दव धरतं; पाण्याने साखळ्या तुटतात, चिकटपणा उतरतो आणि स्पिन केलेला (काच गरगर फिरवून पसरवलेला) थर नेहमीपेक्षा पातळ येतो. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

प्रकाशाने अलाइनमेंट करणाऱ्यांची नेहमीची फसगत दिशेची. १९९२मध्ये शाड्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या पॉलिव्हिनाइल सिनामेट या पॉलिमरच्या पद्धतीत रेणू अतिनील प्रकाशाच्या ध्रुवणदिशेला काटकोनात बसतात, त्यामुळे पोलरायझर सरळ लावणाऱ्याचा सेल ९० अंशांनी चुकतो. एक्सपोजर ताणत नेऊनही फायदा नाही: आधी ध्रुवणदिशेतले गट जास्त वेगाने जुळतात, पुढे बाकीचेही जुळू लागतात आणि मिळालेला दिशाभेद पुन्हा ओसरतो.

पॉलिमर-स्थिरीकृत व्हीए (उभ्या अलाइनमेंटच्या) पॅनेलमध्ये अडचण उरलेल्या मोनोमरची (जुळून पॉलिमर बनणाऱ्या सुट्या रेणूंची). व्होल्टेज देऊन केलेल्या पहिल्या अतिनील टप्प्यात तो पूर्ण संपत नाही. तसाच राहिला तर वापरात हळूहळू जुळत जातो, प्रीटिल्ट सरकतो आणि जुन्या चित्राची छाया पडद्यावर राहते. म्हणून व्होल्टेज बंद करून दुसरं, लांब एक्सपोजर द्यायचं असतं. वेळ वाचवायला हा टप्पा कापू नका.